उरलेल्या लशीचे थेंब

हबीब डॉक्टर जनावरांना अहो-जाहो करायचे आणि जनावरांच्या मालकांना अरे-तुरे. म्हैस खोड्यात उभी केली की तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, “बाई, जरा दम धरा. झालंच बगा.” आणि लगेच मालकाकडं वळून, “ए बे, शेपूट धर की. काय बघत बसलास?” मालक लोकही निमूट ऐकून घ्यायचे. एकदा गाय अडली होती तेव्हा त्यांनी सरपंचांनाच “सरक बे बाजूला” म्हटलं होतं, आणि सरपंच सरकले होते.

नांदूरघाटाच्या पुढं, रस्ता जिथं अरुंद होतो तिथं आमचं गाव. गावात सरकारी म्हणाव्यात अशा दोनच खोल्या, त्याही एकाच पडवीवर. एकीत माझं पोस्ट, दुसरीत जनावरांचा दवाखाना. मधल्या भिंतीला वर एक झरोका होता. त्यामुळं मी शिक्के मारत असताना मला पलीकडच्या बैलाचं दुखणं ऐकू यायचं आणि त्यांना माझ्या खिडकीवरची भांडणं. मी काही पशुपक्ष्यांतली जाणकार नव्हे. घरात मांजर शिरलं तरी मी खराटा शोधते. इथं जे सांगते आहे ते शेजारी बसून पाहिलेलं आणि त्यांच्याच तोंडून ऐकलेलं.

अंगानं ते किरकोळ होते, पण हात मात्र दुसऱ्याच कुणाचे तरी आणून लावल्यासारखे मोठे. त्या हातात कोंबडीचं पिल्लू धरलं की ते जरा वेळानं डोळे मिटून घ्यायचं. माझ्या भाचीला त्याचं फार नवल वाटायचं. ती विचारायची, “डॉक्टर, तुम्ही काय करता त्याला?” ते म्हणायचे, “काईच न्हाई. भीती घालवतो. बाकी ते त्याचं त्याचं झोपतं.”

त्यांचं एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की पुढं पुढं ते सुरू झालं की मी मनात पुरं करायची. टाळता येण्यासारखं मरण आलं की त्यात जनावर मरत नाही, डॉक्टर मरतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते नाटकी वाटलं होतं. पण ते खरंच तसं जगायचे. कुणाचं वासरू पोट फुगून गेलं आणि मालकानं दोन दिवस घरगुती उपायांत घालवले असतील, तर डॉक्टर त्या दिवशी डबा उघडायचे नाहीत. मालक जेवून ढेकर देत पारावर बसलेला असायचा आणि हे पडवीत उपाशी. मी एकदा म्हटलं, “अहो, चूक त्याची, उपास तुमचा, हा कुठला न्याय?” ते म्हणाले, “त्याला माहीत न्हवतं ताई. मला माहीत हाय ना.”

लशीवर मात्र त्यांचा जीव होता. आजार झाल्यावर औषध देणं हे त्यांना हरल्यावर डाव मांडल्यासारखं वाटायचं. तालुक्याहून लस आणायची तर ती बर्फात घालून, थर्मासात. एसटीत तो थर्मास ते मांडीवर घेऊन बसायचे, तान्हं मूल घ्यावं तसा. एकदा उन्हाळ्यात एसटी वाटेत बंद पडली. सगळे बाभळीच्या सावलीला उतरले. एका म्हातारीनं ओळखलं, थर्मासात गार काहीतरी आहे. ती म्हणाली, “लेकरा, घोटभर दे की.” डॉक्टर तिच्यासाठी दूरच्या वस्तीवर चालत गेले आणि तांब्याभर पाणी घेऊन आले, थर्मास काखेत तसाच. पण त्याचं झाकण काही त्यांनी उघडलं नाही. म्हातारीनं पाणी प्यायलं आणि वर त्यांना कंजूष म्हटलं. हे ते स्वतःच हसत सांगायचे.

लशीवर एवढा जीव असूनही त्यांचा एक नियम होता, आणि त्यावरून लोकांशी त्यांच्या कुरबुरी व्हायच्या. आधी पोट, मग लस. चकलांब्याकडचा एक धनगर मेंढरं घेऊन चरत चरत आमच्या शिवारात आला होता. लांबून आलेली मेंढरं, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. त्याला घाई होती. म्हणाला, “डाक्टर, आज टोचून टाका, उद्या पुढं निघायचंय.” डॉक्टरांनी एका मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला आणि नाही म्हणाले. आठवडाभर इथं थांब, मेंढरं चार, मग टोचतो. धनगर चिडला. लस सरकारची, मेंढरं माझी, तुमचं काय जातंय? तेव्हा डॉक्टरांनी पडवीत उकिडवं बसून त्याला जे सांगितलं ते मला झरोक्यातून जसंच्या तसं ऐकू आलं.

“हे बग, लस म्हंजे औषध न्हवं. लस म्हंजे खोटा दरोडा. अंगाला वाटतं, घरात चोर घुसले. सगळं अंग काठ्या घेऊन उठतं. ताप येतो, हातपाय मोडतेत. चोर खोटेच असतेत, पण उठणं खरं असतं. मग पुढं खरे चोर आले तर अंग तयार असतं. समजलं का? आता तू सांग, काठी घेऊन उठायला भाकर लागती का न्हाई? उपाशी माणसाला मधरात्री उठवून पळायला लावलं तर चोराच्या आधी तोच पडंल.”

धनगर थांबला. थांबण्याचं कारण पटलं म्हणून थांबला की वादाला कंटाळून, कोण जाणे. पण थांबला, आणि त्याची मेंढरं नीट गेली.

हे सगळं ज्याला इतकं स्वच्छ माहीत होतं त्या माणसाच्या हातून पुढचं घडलं. म्हणून मला ते अजून पचत नाही.

डॉक्टरांचे वडील केजला हातगाड्यावर फळं विकायचे. पेरू, मोसंबी, हंगामात आंबे. त्या घराची एक रीत होती. संध्याकाळी गाड्यावर जे उरेल ते घरी न्यायचं नाही आणि उकिरड्यावरही टाकायचं नाही. रस्त्यानं जाणाऱ्याला द्यायचं, शाळेतून येणाऱ्या पोरांना द्यायचं, तेही नसतील तर शेळीला घालायचं. “शाम का माल फेकने का नहीं,” असं वडील म्हणायचे. डॉक्टर नोकरीला लागले, तरी ही रीत त्यांच्या हाडात होती. डब्यातली उरलेली अर्धी भाकरी ते कधी झटकून टाकायचे नाहीत. पडवीच्या कठड्यावर कुस्करून ठेवायचे, आणि बारवेतल्या साळुंक्या येऊन ती न्यायच्या. त्या इतक्या धीट झाल्या होत्या की डॉक्टरांना उशीर झाला तर माझ्या खिडकीशी येऊन भांडायच्या.

बारव म्हणजे गावाच्या खालच्या अंगाची जुनी पायऱ्यांची विहीर. तीन बाजूंनी पायऱ्या उतरतात, चौथी बाजू सरळसोट भिंत. पूर्वी त्या भिंतीवरून मोट चालायची. चारही बाजूंच्या दगडांत भोकं पडलेली आहेत आणि त्या भोकांत साळुंक्यांची घरटी. उन्हाळ्याच्या शेवटी तिथं इतका कलकलाट असायचा की पाणी भरणाऱ्या बायका ओरडून बोलायच्या. बारवेला लागूनच कोंडाबाईचं घर. कोंडाबाई मेंढपाळांच्या घरातली, एकटी. मेंढरं दिरांकडं गेली, तिच्याकडं राहिल्या कोंबड्या. अंगणात ती दाणे टाकायची, ते तिच्या कोंबड्या आणि बारवेतल्या साळुंक्या मिळून टिपायच्या.

ज्या सालाबद्दल सांगते आहे त्याच्या आधीच्या साली गावात मानमोडी आली. कोंबड्यांचा हा रोग. कोंबडी एका बाजूला मान वळवते, वळवत वळवत पाठीला लावते आणि मरते. लस तालुक्याला वेळेवर आलीच नाही. कोंडाबाईची सगळी खुराडी रिकामी झाली. त्याच दिवसांत डॉक्टरांना बारवेच्या पायरीवर साळुंकीचं एक पिल्लू सापडलं, तशीच मान वळवलेलं. ते त्यांनी रुमालात गुंडाळून पडवीत आणलं होतं. मला दाखवलं आणि म्हणाले, “ताई, ह्यांचा तर मालक बी न्हाई. ह्यांच्यासाठी लस मागायला कोण येणार?” त्या दिवशीही डबा उघडला गेला नाही.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस बातमी आली की सिरसाळ्याकडं मानमोडी सुरू झाली. या खेपेला लस आधीच आली होती. डॉक्टर उन्हातान्हात घरोघर फिरले. डोळ्यात एक थेंब, नाकात एक थेंब. ही लस कुपीत भुकटी असते, पाण्यात मिसळली की तासा-दोन तासांत संपवावी लागते, नाहीतर वाया. आणि एका कुपीत गावातल्या कोंबड्यांपेक्षा जास्तच डोस. शेवटचं घर कोंडाबाईचं. तिच्या नव्या कोंबड्यांना थेंब टाकून झाले तरी कुपीत लस शिल्लक होती. ती फेकून द्यायची होती. तसा नियमच आहे.

ही गोष्ट मला कोंडाबाईनं सांगितली आणि डॉक्टरांनीही सांगितली, दोघांच्या सांगण्यात एका शब्दाची तफावत नाही. कोंडाबाई म्हणाली, “डाक्टर, ह्या साळुंक्या माझ्या कोंबड्यांच्या ताटात जेवतेत. ह्यांना रोग झाला तर माझ्यांना व्हणारच. ह्यांच्या लेकरांना बी टाका की दोन थेंब.” डॉक्टरांनी हातातल्या कुपीकडं बघितलं. उरलेलं आहे, फेकायचं आहे, आणि समोर खाणारी तोंडं आहेत. त्यांच्या घराची सगळी रीत त्या क्षणी त्यांना काय सांगत असेल ते मला न सांगताच कळतं.

नियम ते विसरले नव्हते, हे मात्र मुद्दाम सांगायला हवं. आधी पोट, मग लस. त्यांनी बारवेच्या पायरीवर बसून पोटं बघितली. साळुंक्यांची ये-जा चालू होती, प्रत्येक खेपेला चोचीत काही ना काही होतं, पिल्लं आ वासून घेत होती. पिल्लं दिसायलाही गुबगुबीत. पिसांची टोकं नुकती फुटत होती. डॉक्टरांना वाटलं, खाऊन-पिऊन सुखी आहेत. मग कोंडाबाईच्या घरचं स्टूल पायरीवर ठेवून ते चढले आणि हात पोचेल त्या प्रत्येक भोकातून पिल्लं काढून, थेंब टाकून, पुन्हा जागच्या जागी ठेवली. तिन्ही बाजूंची झाली. चौथ्या बाजूच्या सरळ भिंतीला स्टूल लावायला जागाच नव्हती. ती पिल्लं राहिली. येताना त्यांना त्याचीच हळहळ वाटत होती. पडवीत हात धुताना मला म्हणाले, “मोटंच्या बाजूची राहून गेली ताई. गरिबांचं नशीब.”

त्यानंतर मृग कोरडा गेला. ढग यायचे आणि वारा त्यांना घेऊन जायचा. पाऊस पडला की जमिनीतून किडे, अळ्या, नाकतोडे निघतात आणि पिल्लांचं अंग त्यांच्यावर भरतं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. साळुंक्या चोचीतून नेत होत्या त्या लिंबोळ्या, भाकरीचे तुकडे आणि बायकांनी टाकलेला भात. त्यानं पोट भरतं, पण हाडं-पिसं होत नाहीत. डॉक्टरांनी मोजलं होतं ते पोट. अंगाला काय मिळतं आहे हे त्यांनी मोजलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुणीच मोजलं नसतं.

मग एक दिवस कोंडाबाई धावत पडवीत आली. “डाक्टर, लेकरं पडायलीत.”

त्या दिवशी मी पोस्टाला कुलूप लावून त्यांच्या मागं गेले. पिल्लांचे उडायचे दिवस आले होते. पिल्लू भोकाच्या तोंडाशी यायचं, आई समोरच्या लिंबावरून बोलवायची, पिल्लू पंख उघडायचं आणि धोंड्यासारखं खाली. बारवेच्या तळाला गुडघाभर गाळ होता. काही पायऱ्यांवर पडली, काही गाळात. डॉक्टर पँट न दुमडताच गाळात उतरले आणि एकेक उचलून पायरीवर ठेवू लागले. काही जिवंत होती. ती पायरीवर बसून पुन्हा पंख फडफडवायची आणि पंखातली पिसं मधूनच मोडून पडायची. मी असं काही कधी पाहिलं नव्हतं. नव्याकोऱ्या पिसाला मोडायचं काय कारण?

आणि त्याच वेळी चौथ्या बाजूच्या भिंतीतली पिल्लं उडत होती. भोकातून निघायची, जरा खाली झुकायची, सावरायची आणि लिंबावर जाऊन बसायची. सगळी नव्हे, पण पुष्कळ. डॉक्टरांनी गाळात उभं राहून ते बघितलं. त्यांच्या चेहऱ्याकडं बघवेना म्हणून मी कोंडाबाईकडं बघत राहिले.

दुपारी ते पडवीत एक मोडलेलं पीस घेऊन बसले होते. मला बोलावलं. उजेडाकडं धरून दाखवलं. काळ्या पिसाच्या आडव्या अंगानं एक फिकट रेघ होती, कापड विरलं की दिसते तशी. पीस बरोबर तिथंच मोडलं होतं. मग त्यांनी रुमालातली बाकीची पिसं काढली. कुणाची रेघ टोकाकडं, कुणाची मध्यावर, ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणं. पण रेघ प्रत्येकात.

“ही काय आहे?” मी विचारलं.

“हे ते दिवस हायेत ताई. मी थेंब टाकल्यावरचे. अंगात जेवढं होतं तेवढं सगळं तिकडं पळालं, खोट्या चोरांच्या मागं. ताप आला असंल. मेली न्हाईत. पण तेवढे दिवस पिसाला काईच मिळालं न्हाई. पीस थांबत न्हाई ना, ते वाढतंच. रिकामं वाढलं.”

मला त्यांची समजूत घालायची होती. मी म्हटलं, “पाऊसच नव्हता ना डॉक्टर. त्याला तुम्ही काय करणार?”

ते म्हणाले, “पाऊस समोरच्या भिंतीला बी न्हवता.”

वरून आणखी एक गोष्ट घडली, जिची मला आठवण झाली की नुसता राग येतो, कुणाचा ते कळत नाही. त्या वर्षी मानमोडी आमच्या गावात आलीच नाही. सिरसाळ्याकडूनच ओसरली. म्हणजे ज्या चोरांसाठी त्या पिल्लांना काठ्या घेऊन उठवलं, ते वेशीपर्यंतही आले नाहीत.

जिवंत राहिलेली पिल्लं डॉक्टरांनी खोक्यात घालून दवाखान्यात ठेवली. उकडलेलं अंडं, भिजवलेली डाळ, शेतातून शोधून आणलेल्या अळ्या. रोज सकाळी मी कुलूप काढायच्या आधी ते आलेले असायचे. झरोक्यातून त्यांचा आवाज यायचा, “घ्या राजे, एवढं घ्या.” मोडकी पिसं आपोआप लगेच गळत नाहीत आणि ती गळल्याशिवाय नवी येत नाहीत, असं ते म्हणाले. तोवर तगवायचं. एकेक करून ती गेली. शेवटचं गेलं त्या दिवशी त्यांनी खोकं उन्हात धुऊन वाळत घातलं. मला वाटलं, आता त्यांचं दुःख हळूहळू निवळेल. माणसं मेली तरी निवळतं, ही तर पाखरं. मी किती चुकले होते हे पुढच्या वर्षी कळलं.

म्हशी-बैलांचं ते करत होते, पण बोलणं कमी झालं होतं. मालकांना अरे-तुरे करणं थांबलं. लोकांना ते बरं वाटायला हवं होतं, पण उलट लोक बिचकले. आणि कोंबड्यांची लस ते पुढं ढकलू लागले. कुणी पिल्लं घेऊन आलं की ते पिल्लू हातात घेत, पंख ताणून उजेडाकडं धरत आणि बराच वेळ बघत. मग म्हणत, “अजून भरलं न्हाई. आठ दिवसांनी आणा.” आठ दिवसांनी पुन्हा तेच.

कोंडाबाईनं त्या वर्षी नवी कोंबडी बसवली होती. भरपूर पिल्लं निघाली. ती टोपली घेऊन आली तेव्हा मी पडवीतच होते. डॉक्टरांनी एक पिल्लू उचललं, पंख उघडला, बघितला, मिटवला.

“खाऊ द्या अजून, मावशी.”

“खातंय की ते. दिसंना का तुमाला? गळा बगा, कसा फुगलाय.”

“ती बी खातच होती.”

कोंडाबाईनं टोपली त्यांच्या पुढ्यात सरकवली. मग म्हणाली, “डाक्टर, ते पाखरांचं झालं ते झालं. ही कोंबडीची जात हाय. ह्यांना मी ज्वारी घालते, मकई घालते. टाका थेंब.” डॉक्टरांनी कुपी उघडली. भुकटीत पाणी घातलं, हलवलं, थेंब ओढून घेतला. पिल्लाच्या डोळ्याशी हात नेला. हात नुसता तिथं थांबला होता. मग तो हात त्यांनी मागं घेतला आणि मिसळलेली सगळी लस पडवीच्या खाली मातीत ओतून दिली. त्यांच्या हातून काही वाया गेलेलं मी तेवढंच पाहिलं.

“आठ दिवसांनी,” ते म्हणाले.

ते आठ दिवस पुरे व्हायच्या आत मानमोडी आली, आणि या खेपेला खरीच. गावातल्या ज्या कोंबड्यांना मागच्या वर्षीचे थेंब मिळाले होते त्यांतल्या बऱ्याच तगल्या. पिल्लं गेली. कोंडाबाईची तर एकजात.

ती टोपली घेऊन पडवीत आली आणि दवाखान्याच्या दारात ठेवली. वरचं फडकं काढलं नाही. काढायची गरज नव्हती. मी खिडकीतून बघत होते. मला वाटलं, आता ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती पायरीवर बसली आणि साध्या आवाजात म्हणाली, “दिलं तवा ती मेली. न्हाई दिलं तवा ही मेली. मला समजंना डाक्टर, असं कावून झालं.”

डॉक्टर दारात उभे होते. मला वाटत होतं, ते काहीतरी सांगतील. धनगराला सांगितलं होतं तसं, उकिडवं बसून. त्यांच्याजवळ उत्तर होतं, मला ते माहीत आहे. कोंबडीचं पिल्लू वेगळं, रानातलं वेगळं. एकाच्या पुढ्यात धान्य असतं, दुसऱ्याचं पोट पावसावर. हे त्यांनीच मला पुढं एकदा समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, जणू दुसऱ्याच एखाद्या डॉक्टरची चूक सांगावी तसं. पण त्या दिवशी ते नुसते टोपलीकडं बघत राहिले. कोंडाबाई उठली, टोपली घेतली आणि गेली. जाताना मला म्हणाली, “माणूस चांगला हाय पोस्टवाल्या ताई. पर आता त्याच्याकडं जायचं कसं?”

पुढच्या बदलीत ते तालुक्याच्या कार्यालयात गेले. आपणहून अर्ज केला होता असं तालुक्याहून येणाऱ्या शिपायाकडून कळलं. त्यांच्या जागी कायमचं कुणी आलं नाही. दवाखाना आठवड्यातून एकदा उघडतो, कधी तेही नाही. झरोक्यातून आता फक्त पाली ये-जा करतात.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. तालुक्याला माझं काम होतं, ते लवकर आटोपलं, म्हणून चौकशी करत त्यांच्या कार्यालयात गेले. एका लांब टेबलामागं ते बसले होते, दोन्ही बाजूंना कागदांचे गठ्ठे. मला बघून उठले, खुर्ची पुसून दिली. भाचीची चौकशी केली, पोस्टाची केली. बारवेचं विचारलं नाही, मीही काढलं नाही. केस पार पांढरे झाले होते.

तेवढ्यात एक बाई दारात आली. डोक्यावर टोपली, तिच्यात कोंबडीची पिल्लं चिवचिवत होती.

“डाक्टर हायेत का?”

डॉक्टरांनी मान वर केली नाही. “शेजारच्या खोलीत बसतेत.”

“तिथं कुलूप हाय.”

“मग उद्या या.”

बाईनं टोपली खाली उतरवली. “लांबून आलेय हो. आमच्या वस्तीवर मानमोडी लागलीय. ही अजून चांगली हायेत. थेंब तेवढे टाकायचेत. तुमाला येतं का टाकायला?”

कोपऱ्यात लशीचा फ्रीज घरघरत होता. फ्रीज आणि टेबल यांच्यात हातभर अंतर असेल. मी डॉक्टरांकडं बघितलं. त्यांचे दोन्ही हात कागदांवर होते. ते त्यांनी सावकाश टेबलाखाली घेतले.

“न्हाई,” ते म्हणाले. “मला न्हाई येत.”

बाई टोपली उचलून निघून गेली. पिल्लांचा आवाज जिन्यापर्यंत येत राहिला आणि मग थांबला. हबीब डॉक्टरांनी मला विचारलं, “ताई, चहा सांगू का?” आणि मी सांगा म्हणाले.